बेन आल्डरवर एकटी

ग्लासगो, 9 जून

प्रिय मंजू,

फोनवर तू विचारलंस, "एवढ्या लांबच्या डोंगरावर एकटी कशाला गं जातेस?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

परवा इथला, स्कॉटलंडमधला बेन आल्डर डोंगर धावत ओलांडून आले. उंची 1148 मीटर. आपली कळसूबाई त्याहून पाचेकशे मीटर उंच, पण इथे उंचीवर जाऊ नकोस. सुरुवात कॉरूर स्टेशनापासून. 408 मीटरवरच्या त्या स्टेशनला सार्वजनिक रस्ताच नाही. आगगाडीतून उतरायचं आणि पायी वाटेला लागायचं. शेवट डॅलविनीला, दुसऱ्याच रेल्वेमार्गावर. मधे एकही गाव नाही.

लॉख ऑसियन तळ्याकाठची कच्ची गाडीवाट सरळसोट, तिथे पाय मोकळे झाले. पुढे ओढ्याकाठची पायवाट पीटच्या दलदलीत विरून जाते. हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेलं ते शेवाळ. पाय पोटरीपर्यंत आत जातो. नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकानं 1892 मध्ये चालणाऱ्यांसाठी हिशेब मांडला होता: तीन मैलांना एक तास, शिवाय दर 2000 फूट चढाला आणखी एक. धावायला निघालेली मी त्या पट्ट्यात अगदी त्याच चालीनं होते. घाई केली असती तर घोटाच गेला असता.

खिंडीतून उभा गवताळ चढ चढले आणि पठारावर पोचते तोच ढग उतरला. मंजू, हे पठार अफाट आहे. सगळीकडे सारखेच दगड, सारखंच शेवाळ, आणि पूर्वेची कड एकदम तुटलेली. तिथे अजून बर्फ होतं, त्यामुळे जमीन कुठे संपते ते पांढऱ्यात कळत नाही. नकाशावरून दिशा घेतली, होकायंत्र हातात धरलं आणि पावलं मोजत माथ्यावरचा सर्वेक्षणाचा खांब गाठला. जवळच कुठेतरी टार्मिगन पक्षी घोगरं ओरडत होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. बरोबर कोणी असलं की आपण निम्मा भरवसा त्याच्यावर टाकतो. एकटीला तो सगळा स्वतःवर ठेवावा लागतो, आणि मग वारा, पायाखालचा दगड, स्वतःचा थकवा, काहीच नजरेतून सुटत नाही. इतकी पूर्ण जागी मी एरवी कधीच नसते.

दक्षिणेला खिंडीत उतरल्यावर ढग फाटला आणि खाली लॉख एरिक्ट दिसलं. कलोडनच्या लढाईतल्या पराभवानंतर, 1746 च्या सप्टेंबरात, ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स याच उतारांवर लपला होता. त्याच्यावर 30,000 पौंडांचं इनाम होतं. इथल्या गरीब माणसांनी तरीही त्याला धरून दिलं नाही, हे मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठं वाटतं.

तिथून उत्तरेला वळून कड्याखालच्या तळ्याजवळून जी पायवाट उतरते, ती शिकारी तट्टांसाठी बांधलेली. तिच्यावर मनसोक्त धावले. शेवटचे दहा किलोमीटर लॉख एरिक्टच्या काठचा सपाट रस्ता, जरा कंटाळवाणा.

काळजी करू नकोस. मार्ग आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवते, पाठीवर पावसाळी कपडे, जादा खाणं आणि शिट्टी असते. मिनिटाला सहा वेळा वाजवली की ती मदतीची हाक असते.

पुढच्या मेमध्ये ये. नंतर मिजेस, म्हणजे चावणाऱ्या चिलटांचे थवे, बसू देत नाहीत. तुला कॉरूरला उतरवते, पहिला दिवस बरोबर करू. दुसऱ्या दिवशी तू एकटी जा, मी पलीकडे वाट बघते.

काकूंना नमस्कार.

तुझी,
सुमा