मावशीनं बसमधून पाहिलं ती मीच

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

मावशीचा फोन तुम्हाला गेला असणार हे मला त्याच दिवशी कळलं, कारण संध्याकाळी आईचे लागोपाठ मिस्ड कॉल आणि मग व्हॉट्सॲपवर नुसतं "काय चाललंय तुझं?", पुढे काही नाही. तर हो, रायबंदरच्या कॉजवेवर, म्हणजे पणजीच्या त्या नदीकाठच्या बांधरस्त्यावर, धो धो पावसात हेल्मेट घालून सायकल मारत होती ती मीच, हल्ली ऑफिसला सायकलनंच जाते. मावशी माशेलहून बसनं पणजीला येत होती, तिनं म्हणे काच हातानं पुसून नीट बघितलं आणि शेजारच्या बाईला सांगितलं की आमच्या ताईची मुलगी वाटते पण ती तशी नाही. तशी म्हणजे कशी ते आता मावशीलाच विचारा.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि आई मधेच रडवेली होते, म्हणून सरळ लिहायला घेतलं. दादाच्या मुलाला मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

आधी आईचे प्रश्न. स्कूटर बिघडलेली नाही, खाली पार्किंगमधे कव्हर घालून उभी आहे. पेट्रोलला पैसे आहेत. घरात भांडण नाही, तुमचे जावई पहिल्या दिवशी म्हणाले "सोडू का?", मी नको म्हटल्यावर पेपर वाचायला लागले, त्यांचा विषय तिथेच संपला. ऑफिसात कोणी काही बोललं का, तर सगळेच बोलले, ते पुढे सांगते. आणि बाबांनी दादाच्या मुलाकडून एकच ओळ पाठवली होती, "ब्रेक कोणते आहेत विचार." बाबा, मला जाम हसू आलं, अख्ख्या गोव्यात कामाचा प्रश्न तुम्हीच विचारलात.

ब्रेक डिस्कचे आहेत. तुमच्या सायकलला ते दांड्यांचे ब्रेक होते, रिमला रबर घासणारे, पावसात दाबले की आधी रिमवरचं पाणी निपटणार आणि मग कुठे धरणार, तोवर सायकल दहा पावलं पुढे. डिस्कला तो त्रास कमी. पण ब्रेक धरले तरी ओल्या रस्त्यावर टायर घसरायचा तो घसरतोच, म्हणून मी लांबूनच हळूहळू दाबत येते, पुढचा एकटा खचकन कधीच नाही. टायरमधे हवा जराशी कमी ठेवते. पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर वळत नाही, सरळ ओलांडते. जूनमधे जांभळं पडून चिखल झालेला असतो ना झाडांखाली, तिथे तर उतरूनच जाते, हसायचं त्यानं हसावं. आणि डबकं दिसलं तर त्यात घालत नाही, खाली खड्डा किती खोल ते पाण्यावरून कळत नाही.

मडगार्डचं मात्र तुमच्या सायकलीचं मानलं पाहिजे. पुढे मागे पूर्ण मडगार्ड, खाली रबराची जीभ, चेनला अख्खा कव्हर, ती सायकल पावसासाठीच केलेली होती. आताच्या दुकानातल्या सायकली दिसायला झकास आणि मडगार्ड बघाल तर नाहीच, मग पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा. मी वेगळे विकत घेऊन बसवले तर दुकानातला पोरगा म्हणाला "मॅडम लूक जाईल". जाऊ दे म्हटलं. घरी आले की जुन्या सुती कपड्यानं चेन पुसते आणि पावसाळी तेल सोडते, नाहीतर दोन दिवसांत तांबेरा, त्यात कॉजवेवर खारी हवा.

आई, आता तुझं. तू "त्या पुलावरून" म्हणून जे घाबरतेस ना, तो पूल हा नव्हे. १९८६ च्या ५ जुलैला मांडवीवरचा मोठा पूल कोसळला, बाबा त्या दिवशी कामासाठी पणजीत होते आणि रात्री उशिरा घरी पोचले, तेवढा वेळ तू दारात उभी होतीस हे मी इतक्यांदा ऐकलंय की मला स्वतःला आठवतंय असं वाटतं, खरं तर मी तेव्हा पाळण्यातून नुकती बाहेर पडलेली. पण तो पूल पणजी आणि बेतीच्या मधला, नदीवरचा. मी जाते तो रायबंदर-पाटो कॉजवे, नदीच्या काठानं, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं. पोर्तुगीजांनी १६३४ च्या सुमारास बांधलेला, तीनेक किलोमीटर लांब, आणि अजून त्याच्यावरून बस जाते. हे मला बाबांनीच सांगितलेलं, ओल्ड गोव्याला फेस्ताला नेलं होतं तेव्हा. त्यामुळे तो माझ्या सायकलीच्या वजनानं पडेल ही भीती काढून टाक.

भीती कसली असावी तेही लपवत नाही. रस्ता अरुंद आहे, मागून मोठी गाडी अंगाला लागून गेली की आधी वारा ढकलतो आणि मग तोंडावर चिखलाचं पाणी. म्हणून मी अगदी कडेला जात नाही, कडेला माती आणि तुटकी धार असते, जरा आत धरूनच चालवते म्हणजे मागच्याला नीट ओव्हरटेक करावं लागतं, चिकटून निघता येत नाही. काही जण हॉर्न मारतात, मारू देत. मागे लाल दिवा दिवसासुद्धा लुकलुकत असतो, अंगावर ते चमकणारं पिवळं जॅकेट, मावशीनं त्यावरूनच ओळखलं असेल. आणि वीज चमकायला लागली किंवा हवामानखात्याचा रेड अलर्ट असला तर सायकल घरी, मी बसमधे. भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की पणजीत त्या '१८ जून' नावाच्या रस्त्यावर पाणी भरतं, त्या दिवशीही नाही. एवढी अक्कल आहे ग.

वाऱ्याचं एक गंमतीचं आहे. पावसाळ्यात वारा समुद्राकडून, म्हणजे सकाळी जाताना तो तोंडावर आणि संध्याकाळी पाठीवर. जाताना अक्षरशः पेडल मारून मारून दम निघतो, येताना पाय ठेवून बसलं तरी चालतं. पहिले काही दिवस मी तो मोठा पोंचो घातला, वारा खालून शिरला आणि सगळा फुगला छत्रीसारखा, सायकल जागेवरच उभी. तो मग काढूनच टाकला. आता आखूड जॅकेट, लवकर सुकणारी पँट, पायात फ्लोटर्स आणि हेल्मेटखाली पुढे चोच असलेली टोपी, त्यानं चष्म्यावर थेंब येत नाहीत. कोरडं राहायचा नादच सोडला. ऑफिसचे कपडे प्लॅस्टिकमधे गुंडाळून बॅगेत, पोचल्यावर बदलते, केस पुसते, आलं घातलेला चहा. ओल्या केसांनी पंख्याखाली बसत नाही हे खास तुझ्यासाठी लिहिते. ओलं जॅकेट स्टोअररूममधे टांगते, तिथे संध्याकाळपर्यंत एक वास सुटतो त्याबद्दल मी काही बोलत नाही आणि बाकीचेही बोलत नाहीत, आमचा समझोता आहे.

आता लोकांचं. पहिल्या पावसात ऑफिसात शिरले तर सिक्युरिटीवाला खुर्चीवरून उठलाच, "मॅडम, ॲक्सिडेंट?" लिफ्टमधे एकजण म्हणाला "डायटिंग वाटतं". एकीनं बाजूला घेऊन हळूच विचारलं घरी सगळं ठीक ना, म्हणजे आई तुझ्याच वळणाची. साहेब म्हणाले इन्स्पायरिंग आहे आणि स्वतः गाडी पार्क करायला जागा शोधत अर्धा तास फिरून आले. शिपाई मामांनी काही न विचारता बुटांखाली जुना पेपर घातला, तेव्हापासून रोज घालतात. कॉजवेवर एका म्हाताऱ्या बाबांनी गाडी थांबवली, काच खाली केली, सगळा पाऊस आत घेतला आणि "बस बाय, सायकल डिकीत घालूया" म्हणून बसले अडून, मागे हॉर्नची रांग. त्यांना नाही म्हणताना वाईट वाटलं हो. टुरिस्ट पोरं भाड्याच्या स्कूटरवरून व्हिडिओ काढत गेली, एका हातात फोन आणि एका हातात हँडल, आणि वेडी म्हणे मी.

पण सगळ्यात भारी ते पाटोवरचे पायलट, मोटारसायकलवरून भाडं मारणारे. बसस्टँडकडे मोटारसायकली लावून ते दिवसभर पावसात गिऱ्हाईकाची वाट बघतात, अंगावर फाटका रेनकोट, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी. त्यातला एक मला रोज ओरडतो, "बाय, भिजतली मगे तूं!" स्वतःच्या नाकावरून पाणी गळतंय आणि काळजी माझी.

सांजांवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या दिवशी तेवढी सूट मिळाली. २४ जूनला संध्याकाळी परत येताना पिकअपमधून पोरांचा घोळका चाललेला, डोक्यावर कोपेलं, म्हणजे फुलापानांचे मुकुट, सगळे विहिरीत उड्या मारून चिंब, मला बघून त्यांनी एकजात "व्हीवा सांजांव" केलं. त्या एका दिवशी भिजलेल्या बाईला कोणी कारण विचारलं नाही.

आणि बाबा, रोज सकाळी आमच्या गल्लीत पोदेर येतो, पाववाला. सायकलवरच. मागे कॅरियरवर हा मोठा पाटला, पावांची टोपली, त्याच्यावर निळं प्लॅस्टिक, पाऊस असो काही असो तो पोंय पोंय करत येणारच. थांबला की प्लॅस्टिकवर साचलेलं पाणी आधी एका बाजूला ओततो, मग एकच कोपरा उचलून आत कोपरापर्यंत हात घालतो आणि चाचपून उंडे, गोल पाव, काढतो, उंडे गरम आणि अगदी कोरडे, तो स्वतः मात्र निथळतोय, सुटे पैसे परत देतो तर नाणीसुद्धा ओली. त्याला कुणी म्हणत नाही पडशील, आजारी पडशील, घरी सगळं ठीक ना. उलट पाच मिनिटं उशीर झाला तर बाल्कनीतून आवाज, "आज कित्याक उशीर?" त्याच बाल्कनीतून मला सांगतात काळजी घे. माझ्यापेक्षा जास्त वजन, माझ्यापेक्षा जास्त अंतर, पाऊस तोच. मी हे त्या बायकांना बोलून दाखवलं नाही, पण तुम्हाला लिहिते, कारण आईचं दुखणं मला यातच दिसतं.

आई फोनवर म्हणाली ना, "ह्यांनी सायकल मारली ती नाइलाजानं, तुला शिकवून नोकरीला लावलं ते काय परत सायकलीवर बसायला?" मला ते लागलं नाही, खरंच. वाळपईहून नगरगावच्या शाळेत बाबा सायकलनं जायचे, सत्तरीच्या पावसात, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, डबा शर्टाच्या आत, आणि तू चुलीच्या वर दोरीला त्यांची पँट वाळत घालायचीस, ती सकाळपर्यंत सुकायची नाही तरी तेच घालून जायचे, दुसरी धड पँट नव्हती. ते दिवस तुझ्या डोक्यात आहेत. मला सायकलवर भिजलेलं बघितलं म्हणजे तुला वाटतं आपण परत तिथेच गेलो. मावशीलाही तेच वाटलं असणार, "तशी नाही" म्हणजे तेच. पण माझ्याकडे कपाटात सुकी पँट आहे ग, दहा आहेत. स्कूटर आहे, बस आहे, ह्यांची गाडी आहे. ते सगळं आहे म्हणूनच मला पावसात मजेनं भिजता येतं. हे बाबांना पटेल की नाही माहीत नाही, त्यांना तेव्हा मजा यायची का हे मी कधी विचारलंच नाही. बाबा, यायची का? एखाद्या उतारावर तरी?

मजा म्हणजे काय विचाराल तर, जोराची सर येते तेव्हा मिठागरांच्या बाजूचं काहीच दिसत नाही, नुसता पांढरा पडदा, आणि सर गेली की बगळे आधी होते तिथेच उभे. नदी ह्या दिवसांत लालभडक असते, तुमच्याकडचीच माती ती, म्हादईतून खाली आलेली. चोडणची फेरी मधे दिसते, आत छत्र्याच छत्र्या. बसमधे हे काही दिसत नाही, काचेवर वाफ आणि कुणाची तरी ओली छत्री आपल्या पायावर.

चिरंजीवांचं सांगायचं राहिलं. त्याला शाळेत पोरं "पोदेराचो पूत" म्हणून चिडवायला लागली, दोन दिवस तोंड फुगवून होता, माझ्याशी बोलेना, शाळेच्या गेटवर येऊ नको म्हणाला. मी काही समजावलं नाही, लाजेला आईच्या भाषणाचा उपयोग नसतो. मग तिसऱ्या दिवशी काय झालं कोण जाणे, जेवताना विचारतो, तो पोंय पोंय हॉर्न कुठे मिळतो? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघायला लागेल. आणला तर शेजारी मला बिल्डिंगमधून काढतील.

बाकी सर्व ठीक. बाबांनी कानाच्या मशीनचं टाळू नये, चवथीच्या आधी दाखवून येऊ, मी सुट्टी टाकते. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं फळाफुलांचं सामान आणायला दादा एकटा जाऊ दे, आईनं त्या बाजाराच्या चिखलात जायचं नाही, तिथे पाय घसरतो आणि तुला डिस्कब्रेक नाहीत. रोण अळमी, वारुळावरची ती अळंबी, आली की लगेच कळव, पाहिजे तर त्याच दिवशी येईन, बसनंच येईन, घाबरू नको. आणि खोपीतली बाबांची सायकल भंगारवाल्याला द्यायचं चाललंय असं दादा म्हणत होता, ती द्यायची नाही. तिचे मडगार्ड मला मोजून बघायचे आहेत.

तुमची,
ठमी

ता. क. मावशीला सांगा, पुढच्या वेळी काच पुसली की हात पण हलव म्हणावं.