दुसऱ्या नावावरच्या रेघेबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्याविषयी दोन ओळींच्या वर काही लिहायचं नाही, ही तुमची अट आम्ही सगळ्यांनी पाळली. ती अट प्रबंधापुरती होती असं धरून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत. तुमचं आणि विद्यापीठाचं नाव इथेही घातलेलं नाही. आमच्यातल्या शेवटच्या संशोधकाची मौखिक परीक्षा झाली, पदवीची अधिसूचना निघाली, आणि माणदेशात व आसपासच्या तालुक्यांत इंग्रजी शिकवणारे आम्ही सगळे एकमेकांना हेच म्हणालो की आता गप्प बसणं बरं नाही.

शोधनिबंधाची छापील प्रत तुमच्याकडे यायची तेव्हा शीर्षकाखाली दोन नावं असायची. आधी संशोधकाचं, त्याखाली मार्गदर्शक म्हणून तुमचं. तुम्ही कधी तशी मागणी केली नव्हती, पण आमच्या क्षेत्रात रिवाजच तसा पडला आहे. तुम्ही पेन्सिल उचलायचात, दुसऱ्या नावावर एक सरळ रेघ मारायचात आणि मग वाचायला लागायचात. त्यावर चर्चा नाही, उपदेश नाही. पुढे मजकुरात जिथे जिथे ‘वुई आर्ग्यू’ असेल तिथे ‘आय आर्ग्यू’ करायचात. प्रत परत मिळायची तेव्हा समास प्रश्नांनी भरलेले असायचे, परिच्छेदांचा क्रम बदललेला असायचा, कधी शेवटची दोन पानं नव्याने लिहायला सांगितलेली असायची. नाव लावण्याइतकं काम तुम्ही केलेलं असायचंच. तरी नाव खोडलेलं.

बाहेरच्या माणसाला यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून हिशेब मांडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत भाषा आणि मानव्यविद्या शाखांसाठी एका शोधनिबंधाला १० गुण आहेत. लेखक दोन असले तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ७. दोनापेक्षा जास्त असले तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. सहयोगी प्राध्यापकाला पदोन्नतीने प्राध्यापक व्हायचं तर किमान १० निबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. दहाही निबंध एकट्याच्या नावावर असले तर १०० गुण तिथेच होतात. उरलेले १० संपादित पुस्तकातलं प्रकरण (५ गुण), अनुवाद, निमंत्रित व्याख्यान यांतून जमतात, आणि गुण सहापैकी किमान तीन प्रकारांतून यावेत ही अटही त्यातच भागते. त्याच दहा निबंधांवर मार्गदर्शकाचं नाव चढलं की ७० उरतात. ही ३० ची तूट भरायची म्हणजे आणखी तीन निबंध, तेही एकट्याने. तालुक्याच्या कॉलेजात तास, परीक्षा, पर्यवेक्षण आणि निवडणुकीची ड्यूटी सांभाळून तीन चांगले निबंध लिहून छापून यायला वर्षं जातात. तुमची ती रेघ प्रत्येक वेळी आमच्या पदरात तीन गुण टाकत होती.

आणि मार्गदर्शकाच्या श्रमांची नोंद त्याच नियमावलीत स्वतंत्रपणे आहेच. विद्यार्थ्याला पीएच.डी. मिळाली की १० गुण, प्रबंध नुसता सादर झालेला असेल तर ५. सहमार्गदर्शक असला तर दोघांना ७-७. प्रयोगशाळेत उपकरण, निधी, नमुने यांत पाच जणांचा हात असतो, तिथे पाच नावं रास्त आहेत. साहित्यात एक माणूस एक कविता वाचतो आणि तिच्याबद्दल एक विधान करतो. ते विधान त्याचंच असायला हवं. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, कागदावर करून दाखवलंत.

तुमच्या आधी आमच्यातल्या काहींच्या वाट्याला जे मार्गदर्शक आले त्यांच्याविषयीही लिहायला हवं, कारण नव्या मुलांनी सावध राहावं. निबंध न वाचता त्यावर पहिलं नाव स्वतःचं टाका म्हणणारे होते. सहामाही प्रगती अहवालावर सही हवी तर आधी आपल्या पुस्तकाचे प्रूफ तपासून द्या म्हणणारे होते. प्रकरण आठ-आठ महिने कपाटात ठेवून, मुदत जवळ आली की ‘भाषा सुधारा’ एवढाच शेरा मारून परत करणारे होते. भाषेत काय सुधारायचं, कुठलं वाक्य, कुठलं पान, याचा पत्ता नाही. संशोधक खचतो तो अशा दोन शब्दांच्या शेऱ्यांनी.

तुमचा पहिला प्रश्न नेहमी विषयावर असायचा. इंग्रजीतले निम्मे विषय एकाच साच्यातून येतात: एखादा सिद्धान्त, ‘इन द नॉव्हेल्स ऑफ’ अमुक, अपूर्णविराम, ‘अ क्रिटिकल स्टडी’. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, तो लेखक आणि तो सिद्धान्त टाकून पाहिलं की तसेच प्रबंध ओळीने दिसतात. तुम्ही शीर्षक झाकायला लावायचात आणि विचारायचात, ‘या कादंबऱ्यांबद्दल आजवर न सुटलेला प्रश्न कोणता? एका वाक्यात सांगा.’ वाक्य सांगता आलं नाही तर आराखडा लिहायचा नाही. एका विद्यार्थिनीचा विषय स्वातंत्र्योत्तर मुंबईची इंग्रजी कविता असा सैल होता. तो ‘या कवींनी मराठीतून इंग्रजीत येताना ओळ कुठे तोडली’ इथवर आला, आणि तिच्याकडे एकदम काम करण्याजोगं काहीतरी आलं. पैशाची ओढाताण असणाऱ्यांना जेस्टोर या शोधलेखांच्या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट खातं काढून महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात हेही तुम्हीच सांगितलंत, आणि वाचलेल्या प्रत्येक लेखाची आवृत्ती व पृष्ठांक त्याच दिवशी वहीत उतरवायला लावलेत.

प्रबंधातला किती मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी जुळतो हे सॉफ्टवेअरने पाहतात, त्या साम्य-तपासणीच्या अहवालात तुम्ही जे निस्तरलंत त्याला तोड नाही. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. १० ते ४० मध्ये गेलं की सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० मध्ये वर्षभर बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, ग्रंथसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि योगायोगाने जुळलेले सलग १४ पर्यंत शब्द यातून वगळायचे असतात. नियम चांगला आहे. घोळ होतो तो साहित्याच्या प्रबंधात. साहित्यात संदर्भ देण्याची जी एमएलए पद्धत आहे तिच्यात गद्याच्या चारपेक्षा जास्त आणि कवितेच्या तीनपेक्षा जास्त ओळी उद्धृत केल्या की त्या अर्धा इंच आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय टाकायच्या असतात. सॉफ्टवेअर अवतरणचिन्हं शोधतं. ती नसली की ते अवतरण आहे हे त्याला बऱ्याचदा कळत नाही, आणि कवितेवर प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा टक्का २५-३० वर जाऊन बसतो. त्याने काही चोरलेलं नसतं.

यावर जो सल्ला बाजारात मिळतो तो शब्द बदलण्याचा. समानार्थी शब्द टाका, कर्तरीचं कर्मणी करा, टक्का उतरतो. तो उतरतोही, पण वाक्यं अशी होतात की परीक्षकाने मोठ्याने वाचली तर संशोधकाला मान खाली घालावी लागेल. तुम्ही अहवाल छापून घेतलात आणि रंगवलेला प्रत्येक तुकडा तीन गटांत टाकायला लावलात: मूळ साहित्यकृतीचं अवतरण, समीक्षकाचं अवतरण आणि खरोखर उसनं वाक्य. पहिल्या गटातलं जे लांबलचक होतं ते कापून, ज्या ओळींवर चर्चा आहे तेवढ्याच ठेवल्या. बारा ओळींतल्या तीनच कामाच्या होत्या, हे तेव्हा दिसलं. दुसऱ्या गटात समीक्षकाचं म्हणणं पुस्तक मिटून स्वतःच्या भाषेत लिहायचं, मग पुस्तक उघडून ताडून पाहायचं आणि संदर्भ द्यायचा. तिसऱ्या गटातलं सरळ काढून टाकायचं. शेवटी पृष्ठवार टिपण करून ग्रंथालयाला दिलं, की उरलेलं साम्य अवतरणांचं आहे. ही पद्धत प्रत्येक विभागात शिकवायला हवी. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या हातात फक्त टक्का ठेवतात.

नियतकालिकांच्या बाबतीत तुमचा धाक होता, आणि तो बरा होता. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं एकदम काढली, तेव्हा कितीतरी प्राध्यापकांचे पैसे भरून छापलेले निबंध वाऱ्यावर गेले. पुढे आयोगाचीच मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली आणि निवड संस्थांवर व प्राध्यापकांवर सोपवली गेली. तुमचे नियम यादी असताना होते तेच यादी गेल्यावरही लागू पडतात. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, अधिकृत पोर्टलवर ताडून पाहायचा, कारण नामांकित नियतकालिकाची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळं असतात आणि त्यांच्यावर क्रमांकही तोच टाकलेला असतो. फरक असतो तो पत्त्याच्या एखाद्या अक्षरात. संपादक मंडळातल्या कुणाला तरी त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर विचारायचं, तुम्ही खरंच यात आहात का? आठवड्यात स्वीकृती आणि सोबत शुल्काची पावती आली तर समजून घ्यायचं. निबंध छापला त्या दिवशीचं यादीचं पान तारखेसकट छापून फाइलला लावायचं, कारण छाननी पाच-सहा वर्षांनी होते आणि तोवर ते पान इंटरनेटवरून गेलेलं असतं.

कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या, फाइलबद्दल थोडक्यात. सहायक प्राध्यापक म्हणून वेतनाच्या लेव्हल १० ला ५७,७०० च्या मूळ पगारावर लागलेल्या माणसाला पीएच.डी. असेल तर ४ वर्षांनी, एम.फिल. असेल तर ५ आणि दोन्ही नसेल तर ६ वर्षांनी पुढचा टप्पा मिळतो. मग ५, मग ३, मग ३. म्हणजे पीएच.डी. घेऊन आलेल्या माणसालाही प्राध्यापकपदाच्या लेव्हल १४ ला पोचायला किमान १५ वर्षं लागतात. या प्रवासात फाइल अडते ती जवळजवळ नेहमी तारखेवर: रिफ्रेशर (शिक्षकांचा उजळणी वर्ग) मूल्यमापन कालावधीच्या बाहेरचा, पदवीची तारीख म्हणून मौखिक परीक्षेची तारीख टाकलेली, सेवापुस्तकात अभ्यासरजेची नोंदच नाही. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून त्रुटीचं पत्र येतं आणि स्थाननिश्चिती, म्हणजे पुढच्या टप्प्यावरची नेमणूक, लांबते. तुम्ही प्रत्येकाला एका कागदावर नेमणुकीपासूनच्या तारखांची उभी रेघ काढायला लावलीत आणि प्रत्येक प्रमाणपत्र त्या रेघेवर कुठे बसतं ते पेन्सिलीने दाखवलंत. तुम्ही निवृत्त झाला होतात. २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार तुम्हाला वयाच्या सत्तरीपर्यंत सहमार्गदर्शक राहता येत होतं, तेवढंच औपचारिक नातं. फाइली तपासणं त्यात येत नाही.

मॅडम, इंग्रजीच्या प्राध्यापकाबद्दल गावाकडे एक आदर असतो आणि एक अंतरही असतं. तो अंतरावर उभा राहिला तरी चालतं, कुणी जाब विचारत नाही. प्रबंधावर सही करायला वाचावं लागतंच असं नाही, निबंधावर नाव लावायला लिहावं लागतंच असं नाही. या व्यवस्थेत सभ्यपणे वागणाऱ्याला कुठल्याही रकान्यात गुण नाहीत. म्हणून तो जिथे दिसतो तिथे मोठ्याने सांगितला पाहिजे. विद्यार्थ्याचा कागद वेळेत परत करणं, तो खरोखर वाचलेला असणं, आणि जे त्याचं आहे ते त्याच्याच नावावर राहू देणं, ही तीन कामं करणारी माणसं प्रत्येक विद्यापीठात एक-दोन असतात आणि त्यांच्या जोरावर तो विभाग उभा असतो. आम्हाला तुम्ही मिळालात. शेजारच्या जिल्ह्यातल्या, आमच्याइतक्याच हुशार मुलांना तसं कुणी मिळालं नाही, आणि त्यांच्यातल्या काहींनी नोंदणी सोडून दिली. याचं फार वाईट वाटतं.

आमच्यातल्या तिघांना आता मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली आहे. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार विद्यार्थी घेता येतात. पहिल्या तुकडीच्या कोर्सवर्कची परीक्षा झाली, संशोधनपद्धतीच्या पेपरात सगळे ५५ टक्क्यांच्या वर आहेत. त्यांतल्या एकीचा पहिला निबंध गेल्या आठवड्यात छापायला गेला, एकटीच्या नावाने. तो टपालाने तुमच्याकडे पाठवत आहोत. समास मुद्दाम रुंद ठेवला आहे.

तुमचे,
तालुक्याच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवणारे तुमचे विद्यार्थी