१ नंबर त्या जुन्या तक्रारीला दिलात, भाऊ

राम राम भाऊ,

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींच्या मेलची व्यवस्था तुम्ही बसवून दिलीत. तुमचं बिल आलं, पैसे पोचले, व्यवहार पुरा झाला. पण माझं मन काही मोकळं झालेलं नाही, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

रावेर-यावल पट्ट्यात केळीला ठिबकचं सामान पुरवायचं म्हणजे मे महिन्यात जीव टांगणीला. पारा ४५ च्या वर, त्यात फिल्टर चोक झाला की बाग माना टाकते. शेतकऱ्यांची शिकलेली पोरं फोटो काढून मेल करतात. आमचा इनबॉक्स एक, बघणारे चौघे. प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने उत्तर दिलं असेल.

तुमच्याआधी एक कंपनी आली होती. ॲडव्हान्स घेतला, चकचकीत सॉफ्टवेअर दाखवलं. शेतकऱ्याने म्हणे आधी खातं उघडायचं, पासवर्ड ठेवायचा, मग तक्रार! पुढे त्यांनी आमचा फोनच घेणं सोडलं. तुम्ही म्हणालात, "ताई, त्याला मेल करता येतो ना? मग त्याने तेवढंच करावं." आता मेल आला की नंबर पडतो, पोच जाते. कुणी विषयाची ओळ बदलून उत्तर दिलं तरी ते जुन्याच तक्रारीला जाऊन मिळतं, कारण मूळ मेलची खूण उत्तराच्या पोटात ‘इन-रिप्लाय-टू’ या ओळीत असते. हे तुम्ही मला शेतातली मेन लाइन आणि तिच्यातून निघणाऱ्या बारीक नळ्या, म्हणजे लॅटरल, यांच्यावरून समजावलंत.

पण खरे आभार ही व्यवस्था सुरू केलीत त्या दिवसाचे. मला वाटलं, ‘टेस्ट’ लिहून मेल टाकाल नि निघाल. तुम्ही विचारलंत, "उत्तर न गेलेला सगळ्यात जुना मेल कोणता?" सावद्याच्या एका काकांचा निघाला. सात आठवड्यांचा, उघडलेलाही नाही, अजून ठळक अक्षरांत. तुम्ही त्याला १ नंबर दिलात आणि मी फोन लावेपर्यंत खुर्चीवरून उठला नाहीत.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पोरी, मला वाटलं माझ्याकडूनच मेल नीट गेला नाही."

मी फोन ठेवला तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता पाण्याचा ग्लास पुढे सरकवलात. एवढी समज असलेली माणसं आहेत, म्हणून गावोगावची कामं चालतात.

दुसऱ्या दिवशी काकांचा फिल्टर बदलला. हिवाळ्यात बामणोदची वांगी आली की वहिनींना घेऊन भरीत-पुरीला या. काकांनाही बोलावलंय.

तुमची,
ठिबकवाली ताई