फिरतं कोलाज : बोर्ड पुढे देण्याआधी

सभासदांनो, आपल्या फिरत्या कोलाजमध्ये प्रत्येकजण बोर्डवर कागदाचे तुकडे वगैरे चिकटवून तो पुढच्याला देतो; त्यात पहिल्या फेरीतले बरेच बोर्ड पन्हळीसारखे वाकलेत. कारण एकच : कागद एकाच बाजूने ओला झाला. ३ भाग फेविकॉलला १ भाग पाणी घ्या, चपट्या ब्रशने पातळ लावा आणि तोच हात मागच्या बाजूलाही फिरवा. दोन्हीकडे बटर पेपर, वर जाड पुस्तकं, रात्रभर. सकाळी बटर पेपर अलगद सुटला तरच बोर्ड पुढे द्या.

इंकजेट प्रिंट नको, गोंद लागताच शाई पसरते; झेरॉक्स चालेल. ऑइल पेस्टल चिकटवाचिकटवी संपल्यावरच वापरा, त्या तेलकट थरावर कागद धरत नाही, कोपरे उठतात. वर्तमानपत्र पिवळं पडणारच, तो रंग हवा असेल तरच घ्या. बटणं, जरीचे काठ, लग्नपत्रिकेतले गणपती चालतील (गणपती खरं तर आता पुरे), पण उंची ५ मिमीच्या आत, नाहीतर बोर्ड एकावर एक रचता येत नाहीत.

एक तृतीयांश जागा पुढच्यासाठी मोकळी ठेवा. आधीच्याचं काम झाकलंत तरी हरकत नाही, खरवडू मात्र नका. मागे नाव-तारीख पेन्सिलने, गोंद लावण्याआधी.