चाचपडायला जावे, तर मशीनच सुरू होते

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉशिंग मशीनचे टच पॅनेल आणि त्यासोबतचे मोबाइल अ‍ॅप दृष्टिहीन व वयोवृद्ध ग्राहकांना वापरता येत नसल्याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचे वॉशिंग मशीन आम्ही तीन महिन्यांपूर्वी घेतले. मशीन कपडे उत्तम धुते, त्याबद्दल काहीच म्हणणे नाही. तक्रार आहे ती ते सुरू कसे करायचे याबद्दल. काचबिंदूमुळे माझ्या पत्नीची दृष्टी जवळजवळ गेली आहे आणि मला कंपवात आहे. म्हणजे तिला पॅनेल दिसत नाही, आणि मला दिसते पण माझे बोट नेमक्या जागी टेकत नाही.

आमच्या जुन्या मशीनला फिरवायचे गोल बटण होते. त्यावरची खूण अंगठ्याखाली सरळ वर आणायची आणि तिथून खटके मोजायचे, ही पत्नीची पद्धत. चौथ्या खटक्याला सुती कपडे, सातव्याला लोकरीचे. दृष्टी गेल्यानंतरही अकरा वर्षे घरातले सगळे धुणे तिने एकटीने केले, कोणालाही हाक न मारता. आपल्या मशीनच्या दर्शनी भागावर मात्र सपाट, गुळगुळीत काच आहे. तिच्यावर कुठेही उंचवटा नाही, खाच नाही, खटका नाही.

ही अडचण सवयीने सुटणारी नाही, हे आपल्या अभियंत्यांनी कृपया समजून घ्यावे. ज्याला दिसत नाही तो आधी बोटाने शोधतो आणि मग दाबतो. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आपले पॅनेल दाब ओळखत नाही, बोट टेकल्यामुळे विद्युतभारात होणारा बदल ओळखते, आणि त्यामुळे शोधणे हीच त्याच्या दृष्टीने आज्ञा ठरते. काचेवरून बोट फिरवत पत्नी शेवटच्या चिन्हापर्यंत पोचेपर्यंत वाटेतल्या तीन चिन्हांनी आपापले काम केलेले असते. गेल्या महिन्यात लोकरीचा स्वेटर याच प्रकारे ६० अंशांच्या पाण्यात धुतला गेला आणि तो आता लहान मुलालाच बसेल एवढा उरला आहे. मी पॅनेलवर डिंकाचे थेंब वाळवून खुणा करून पाहिल्या, पण थेंब चिन्हावर ठेवला तर तो चाचपतानाच चिन्ह दाबले जाते आणि बाजूला ठेवला तर तिथून पुढे किती सरकायचे याचा अंदाज चुकतो. माझी स्वतःची गत वेगळी नाही. पॅनेलचे कुलूप उघडण्यासाठी एकाच चिन्हावर तीन सेकंद बोट स्थिर ठेवावे, असे आपल्या पुस्तिकेत लिहिले आहे. माझे बोट तीन सेकंदांत पाच वेळा उचलले जाते.

आपल्या ग्राहक सेवा केंद्राने यावर प्रथम ‘घरातल्या कोणा तरुण व्यक्तीची मदत घ्या’ असे सुचवले. हा सल्ला देणाऱ्या मुलीला मी दोष देत नाही, तिच्यासमोरच्या उत्तरांच्या यादीत तेच लिहिलेले असणार. मी पुन्हा विचारल्यावर तिने अ‍ॅप वापरण्यास सांगितले. फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणारी सोय, सुरू करून पत्नीने अ‍ॅप उघडले, तर एकामागून एक फक्त ‘बटण, बटण, बटण’ असे ऐकू येत राहिले. चित्रांना शब्दांत नावे दिलेली नसली की असे होते. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९९ साली सुगम्यतेची, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावे यासाठीची, मार्गदर्शक तत्त्वे प्रथम प्रसिद्ध केली, तेव्हा त्यातली पहिलीच सूचना चित्रांना शब्दांचा पर्याय द्या अशी होती. पुढे मशीन फोनला जोडण्याचा संकेतांक ३० सेकंदांत रद्द होतो आणि तो मशीनच्या पॅनेलवर केवळ दिसतो, ऐकू येत नाही. याच तत्त्वांच्या २००८ च्या आवृत्तीत वेळ संपण्यापूर्वी वापरणाऱ्याला सावध करून मुदत वाढवून घेण्यासाठी निदान २० सेकंद द्यावेत, असे म्हटले आहे. ही तत्त्वे वेबसाठी लिहिलेली असली तरी अ‍ॅप बनवणारेही तीच आधाराला घेतात. शिवाय काम संपल्याची आणि बिघाड झाल्याची सूचना एकाच बारीक, उंच पट्टीतल्या आवाजात येते. वय वाढले की नेमके तेच स्वर आधी ऐकू येईनासे होतात.

हे सगळे टाळणे खर्चिक आहे, असे मला वाटत नाही. फोनच्या अंकफलकावर ५ वर असणारा ठिपका आणि संगणकाच्या कळफलकावर एफ व जे या अक्षरांवरचा उंचवटा यांनी कोणतीही कंपनी बुडालेली नाही, आणि पाहणाऱ्यांनाही त्यांचा उपयोगच होतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये स्वीकारला गेला. त्याच्या दुसऱ्या कलमात, पुढे वेगळे बदल करावे लागू नयेत अशा रीतीने सर्वांना वापरता येईल अशी वस्तू मुळातच घडवणे, या कल्पनेची व्याख्या दिली आहे. आपल्या जाहिरातीत ‘सर्वांसाठी’ हा शब्द ठळकपणे आहे, म्हणून या व्याख्येची आठवण करून देतो.

माझी मागणी अशी आहे की, खटक्याचे गोल बटण असलेले आपले एखादे मॉडेल असल्यास हे मशीन बदलून तेच द्यावे आणि नसल्यास मशीन परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. अ‍ॅपमधल्या बटणांना नावे देणे, संकेतांकाची मुदत वाढवणे आणि कुलपासाठी बोट स्थिर धरण्याची अट काढणे एवढे तरी पुढच्या अद्ययावत आवृत्तीत व्हावे. ते केव्हा होईल, याची तारीख कळवावी.

उत्तर पाठवताना पत्राचे छायाचित्र जोडू नये, मजकूर ईमेलमध्येच लिहावा. छायाचित्रातला मजकूर फोनला नीट वाचून दाखवता येत नाही, आणि आपले उत्तर पत्नीला माझ्याकडून नव्हे, स्वतः ऐकायचे आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत