ट्रॅडिशनल आयआरए सांगूनही रॉथ खाते उघडल्याबद्दल तक्रार

एडिसन, न्यू जर्सी
१० फेब्रुवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : सोन्याच्या निवृत्ती खात्याचा प्रकार चुकीचा नोंदवल्यामुळे बसलेला आयकराचा भुर्दंड

महोदय,

गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात आपला स्टॉल होता. तिथे आणि नंतर फोनवर आपल्या प्रतिनिधींशी झालेले सगळे बोलणे मराठीत होते, म्हणून तक्रारही मराठीतच लिहीत आहे. इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे.

जुन्या नोकरीतल्या माझ्या ४०१(के) मधले, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती-बचत खात्यातले, ८०,००० डॉलर सोन्यात ठेवायचे होते. "खाते ट्रॅडिशनलच हवे", म्हणजे कर आज नाही तर पुढे पैसे काढताना भरायचा असे आयआरए (वैयक्तिक निवृत्ती खाते), हे मी दोनदा सांगितले. जानेवारीअखेर निवृत्ती खात्यातून निघालेल्या रकमेचा १०९९-आर हा कराचा फॉर्म हातात पडला, तेव्हा त्यात सगळीच्या सगळी रक्कम करपात्र दाखवलेली! आपल्या प्रतिनिधींनी अर्जात रॉथवर, म्हणजे कर आधीच भरायच्या खात्यावर, खूण केली होती. न वाचता फोनवर बोटाने सही केली, ही माझी चूक मला मान्य आहे. पण अर्ज भरला आपल्या माणसाने.

रॉथ वाईट असते असे माझे म्हणणे नाही. माझी मुलगी नुकती नोकरीला लागली आहे, आयकराच्या १२ टक्क्यांच्या पायरीत आहे. तिला मी रॉथच घ्यायला सांगेन. आज थोडा कर भरायचा आणि पुढची वाढ करमुक्त. माझे गणित नेमके उलटे आहे. मी ६३ वर्षांचा. आज आम्हा नवरा-बायकोचे उत्पन्न २२ टक्क्यांच्या पायरीत आहे आणि दोन वर्षांनी निवृत्त झालो की ते १२ टक्क्यांवर येईल. म्हणजे जो कर मी पुढे, थोडा थोडा आणि कमी दराने भरला असता, तो आता एकरकमी १७,६०० डॉलर भरायचा. न्यू जर्सीचा कर वेगळाच. शिवाय २०२६ मध्ये मी मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याला, लागेन आणि त्या वर्षीचा प्रीमियम २०२४ च्या उत्पन्नावरून ठरतो, तेव्हा तिथेही फटका बसू शकतो.

रॉथचा आग्रह धरताना प्रतिनिधी म्हणाले होते, "काका, ट्रॅडिशनल घेतलंत तर ७३ व्या वर्षी सरकार नाणी विकायला लावेल." हे साफ चूक आहे. माझा जन्म १९६१ चा. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना दरवर्षी खात्यातून सक्तीने काही रक्कम काढावी लागते ती ७५ व्या वर्षापासून. तीही नाणी विकूनच असे नाही, कर भरून नाणी तशीच ताब्यात घेता येतात. "रॉथमध्ये सगळं करमुक्त" हेही अर्धेच सांगितले. माझे हे पहिलेच रॉथ खाते, त्यामुळे पाच वर्षांच्या अटीनुसार वाढीवरची करमुक्ती २०२९ उजाडल्यावरच. "काका" म्हणणाऱ्याने निदान काकांचे वय तरी विचारायचे.

जानेवारीत मी फोन केला, तर आपल्या कार्यालयातून उत्तर आले, "परत ट्रॅडिशनल करून घ्या." २०१८ पासून रॉथमध्ये केलेले असे रूपांतर उलटवता येत नाही. सोन्याची निवृत्ती खाती विकणाऱ्या कंपनीला हे मी, एका ग्राहकाने, सांगावे लागावे!

माझ्या मागण्या : ज्या कॉलच्या सुरुवातीला "रेकॉर्ड होत आहे" असे ऐकवले जाते, त्या माझ्या सर्व कॉलच्या प्रती आणि मूळ अर्ज द्यावा. माझी सूचना ट्रॅडिशनलची होती असे लेखी पत्र खाते सांभाळणाऱ्या संस्थेला (कस्टोडियनला) आणि ४०१(के) च्या प्रशासकाला पाठवून त्याची प्रत माझ्या सीपीएला (कराचे काम पाहणाऱ्या लेखापालाला) द्यावी, म्हणजे १५ एप्रिलच्या आत काही दुरुस्ती शक्य आहे का ते पाहता येईल. ती झाली नाही, तर या चुकीमुळे पडणारा जादा कर आपण भरून द्यावा. खाते उघडण्याची फी मात्र लगेच परत करावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास न्यू जर्सीच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे आणि सीएफटीसी या वायदे बाजाराच्या केंद्रीय नियामकाकडे तक्रार नोंदवीन. फोन करू नये. जे काही असेल ते कागदावर यावे.

आपला,
(सही)
खातेदार

सोबत : १०९९-आर ची प्रत, इंग्रजी प्रत