स्पर्धा मैदानात, बाजारात मक्तेदारी

संपादक महोदय,
खेळांचे व्हिडिओ गेम दरवर्षी तोच माल नव्या वेष्टनात का देतात, याचे उत्तर बरेचदा करारात सापडते. २००४ मध्ये 'ईएसपीएन एनएफएल टूके५' हा अमेरिकी फुटबॉलचा गेम २० डॉलरला आला आणि ईए या गेम कंपनीचा त्याच खेळाचा ५० डॉलरचा 'मॅडन' ३० वर उतरला. त्याच डिसेंबरात ईएने एनएफएल ही अमेरिकी फुटबॉलची लीग आणि तिच्या खेळाडूंची संघटना या दोघांशी एकाधिकाराचे करार केले. स्वस्ताई संपली!

संघांची नावे, बोधचिन्हे, स्टेडियम लीगच्या हातात. खेळाडूंची नावे आणि चेहरे संघटनेच्या. दोन्ही गेले की प्रतिस्पर्ध्याने बनवायचे काय? टूके या प्रतिस्पर्धी कंपनीने २००७ मध्ये निवृत्त खेळाडू आणि काल्पनिक संघ घेऊन पाहिले. तो प्रयोग तिथेच थांबला. २०२० मध्ये त्यांना एनएफएलचा परवाना पुन्हा मिळाला, पण हुबेहूब सामन्याचा गेम सोडून. म्हणजे मुख्य ताट ईएकडेच.

बेसबॉलच्या २००५ च्या अशाच एकाधिकाराच्या करारात कन्सोल (गेम खेळायचे यंत्र) बनवणाऱ्या कंपन्यांना बंदीतून वगळले होते. त्या फटीतूनच कन्सोल बनवणाऱ्या सोनीचा 'द शो' हा बेसबॉलचा गेम वाढला. एनएफएलने निदान दोन कंपन्यांना थोड्या मुदतीचे परवाने द्यावेत. ते जमत नसेल, तर अशी फट तरी ठेवावी.

– एक वाचक